भीती भूलतज्ज्ञांना सांगा
वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी मनाची तयारी कशी करावी, यावरच्या लेखातला ‘सकारात्मक विचार करा’ हा सल्ला शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री झोप उडालेल्या माणसाला फारसा उपयोगी पडत नाही. माझ्या बहिणीची स्लीव्ह शस्त्रक्रिया, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढण्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तिला खरी धास्ती भुलीची होती. जाग आलीच नाही तर? तिने भूलतज्ज्ञांना हे सरळ विचारलं आणि त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, चालू औषधं, तंबाखू, यातलं काहीही त्यांच्यापासून लपवू नका. स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, आधी कळला तर तशी तयारी ठेवता येते.

शस्त्रक्रियेआधीचा कमी कॅलरीचा आहार अनेकांना शिक्षा वाटतो. पण त्याने यकृताचा आकार कमी होतो आणि दुर्बिणीने जठरापर्यंत पोहोचणं सोपं जातं. हे कळल्यावर बहिणीने तो मनापासून पाळला. आपल्याही हातात काहीतरी आहे, याचा तिला फार आधार वाटला.

आणि घरच्यांनो, ‘आधीच कमी खाल्लं असतंस तर’ हे कृपा करून बोलू नका. जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढला जाणार असतो, भीती वाटणारच. मन तयार नसेल तर डॉक्टरांशी बोलून तारीख पुढे ढकलायलाही हरकत नाही.