दादाचे 23 लाख

सकाळी दादाचा फोन आला. "लिक्विडेटरचा मेल आलाय. आपल्याला काही नाही." एवढंच बोलला आणि मशिनचा आवाज आहे, नंतर करतो म्हणून ठेवून दिला. मागे कसलाच आवाज नव्हता.

लिक्विडेटर म्हणजे बुडालेली कंपनी विकून तिची देणी वाटणारा माणूस. भोसरीत दादाचं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी अशी कॉम्प्युटरवर चालणारी कटिंगची मशिनं, सात मुलं कामाला. एका कंपनीला पाच वर्षं पार्ट करून दिले. 2018 मध्ये तिथे 23 लाख थकले तेव्हा त्याने एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात, अर्ज केला. अर्जाची फी फक्त 2,000 रुपये, त्यामुळे त्याला वाटलं हा दिवाळखोरीचा कायदा (आयबीसी) आपल्यासारख्यांसाठी आहे. मग वकिलाची फी सुरू झाली. दर तारखेला डेक्कन क्वीनने मुंबई, पुढे टॅक्सीने कफ परेड, दिवसभर बसायचं आणि संध्याकाळी ऐकायचं की मॅटर रीच झालं नाही, म्हणजे आपला नंबरच आला नाही. शेवटी त्याच कंपनीवरचा बँकेचा अर्ज दाखल करून घेतला, म्हणून दादाचा निकाली निघाला, आणि त्याला सांगितलं, आता फॉर्म बी, म्हणजे माल देणाऱ्यांचा दाव्याचा फॉर्म, भरा. वहिनीने रात्री जागून माल पोचवल्याचं एकेक चलन इनव्हॉइसला लावलं, स्टोअरचा शिक्का दिसेल असं.

कायद्यात मुदत 180 दिवसांची, फार तर 270. 2019 मध्ये कोर्टकज्ज्यासकट 330 केली. त्याच वर्षी एस्सार स्टीलच्या निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं, ही मुदत सरसकट बंधनकारक नाही. दादाची सात वर्षं गेली.

आणि खर्च! त्यावर कुणी बोलतच नाही. प्रकरण चालेल तितके महिने कंपनीचा कारभार हातात घेणारा रिझोल्युशन प्रोफेशनल, वकील, व्हॅल्युअर, गेटवरचे सिक्युरिटीवाले, सगळ्यांचं मीटर चालू. ऑक्टोबर 2022 पासून तर दावे 50 कोटींच्या आतले असले तरी प्रोफेशनलची किमान फी महिना 1 लाख. कंपनी विकून जे पैसे येतात त्यातून कलम 53 प्रमाणे हा खर्च सगळ्यात आधी वळता होतो. त्यानंतर कामगारांचे 24 महिन्यांचे पैसे आणि तारणवाल्या बँका. मग बाकीचा स्टाफ, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकार. माल देणारा त्याच्याही मागे. त्याच मालाचा जीएसटी दादाने खिशातून भरलाय हो! न मिळालेल्या पैशांवरचा कर सरकारने घेतला, परत दिला नाही, आणि रांगेतही सरकार दादाच्या पुढे. हे कुणाला बरोबर वाटतं?

जागतिक बँकेच्या 2020 च्या 'डूइंग बिझनेस' अहवालात भारताची पाठ थोपटली होती. आधीच्या अहवालात असं प्रकरण मिटायला 4.3 वर्षं लागायची ती 1.6 झाली, वसुली रुपयामागे 26 पैशांवरून 71 वर गेली. खर्च मात्र मालमत्तेच्या 9 टक्के होता तो 9 टक्केच राहिला. पुढे आकड्यांतल्या गडबडींमुळे 2021 मध्ये तो अहवालच बंद केला. 1.6 वर्षं. हे वहिनीसमोर बोलून दाखवा कुणीतरी.

आधी आजारी कंपन्यांची प्रकरणं बीआयएफआर हे सरकारी मंडळ बघायचं, त्या काळात याहून वाईट होतं, मान्य. या कायद्याच्या धाकाने काही मालक आधीच पैसे भरतात, तेही मान्य. पण दादासारख्याला आता तो धाकही दाखवता येत नाही. कोरोनात अर्जाची मर्यादा 1 लाखावरून 1 कोटी केली. म्हणजे 23 लाख थकले तर त्याने या दारात यायचंच नाही.

मघाशी फार चिडून लिहीत होते. आता जरा शांत झाल्यावर 2018 ची दिवाळी आठवतेय. मुलांचा बोनस द्यायला वहिनीने पाटल्या मोडल्या होत्या. आईला सांगितलं, लॉकरमध्ये ठेवल्यात. आईला अजून माहीत नाही, आणि ती फेसबुकवर नाही म्हणून इथे लिहू शकतेय. सातही मुलांना धनत्रयोदशीच्या आधी पाकीट मिळालं होतं. त्यातला एक आज स्वतःचं लेथ चालवतो, दादाकडूनच काम घेतो.

मगाशी पुन्हा फोन केला. या वेळी मशिनचा आवाज खरंच येत होता.

तुमच्यापैकी कुणाचे पैसे अशा कंपनीत अडकले असतील आणि क्लेमची तारीख गेली नसेल तर मला इनबॉक्समध्ये सांगा. फॉर्म बी कसा भरायचा ते वहिनीला पाठ आहे. रविवारी आम्ही दोघी बसू तुमच्यासोबत. चलनं फक्त टाकून देऊ नका.