दमास्कस नळी: नक्षी दिसते ती सांध्यांची

मामाकडे पणजोबांच्या काळची दुनळी बंदूक आहे, नळ्यांवर भोवऱ्यांची सुंदर नक्षी. परवा त्याला फॉरवर्ड आला: 'या नळ्या दमास्कसमध्ये भारतीय वुट्झ पोलादाच्या एकाच पिंडातून कोरत. सांधा कुठेच नाही, म्हणून आजचं कुठलंही काडतूस झेलतात.' दसऱ्याला पूजा झाली की बार काढायचा, असं मामाने ठरवूनही टाकलं!

एकाच पिंडातून? अहो, ज्या नक्षीवर भुलताय ती सांध्यांचीच आहे. लोखंड आणि पोलादाचे थर आलटूनपालटून रचायचे, तापवून घणाने एकजीव करायचे, त्याचे बारीक गज ओढायचे. गज लाल करून दोरीसारखा पिळायचा. असे दोन-तीन गज, शेजारच्याचा पीळ उलटा, जोडून पट्टी करायची. ती दांड्याभोवती गुंडाळून कडेला कड ठोकायची. अशी वेटोळी टोकाला टोक जोडून एक नळी होई. मग आतून कोरायची, बाहेरून घासायची, शेवटी आम्लाने नक्षी उठवायची. बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांनी १८८१ च्या आपल्या ग्रंथात हे सविस्तर लिहून ठेवलंय. एका नळीत सांधे किती, मोजा.

दमास्कसचं तर नावच. एकोणिसाव्या शतकात या नळ्यांचं मोठं केंद्र होतं बेल्जियममधल्या लिएजजवळचं वेद्र नदीचं खोरं, नेसोंवोसारखी गावं. इंग्लंड-अमेरिकेतले बंदूककारही तिथल्या कच्च्या नळ्या विकत घेत. त्यामुळे बंदुकीवर नाव कुणाचंही असो, नळी त्याच्याच भट्टीतली असेल असं नाही.

वुट्झ दक्षिण भारतातून इराणकडे तलवारींसाठी जायचं, हे खरं. पिळाच्या नळ्या पूर्वेकडे आधी होत्या, हेही मान्य. पण वुट्झची लहरदार नक्षी वितळवलेल्या पोलादातच असते, ती घणाने जोडून येत नाही. इंग्लंडात तर घोड्याच्या नालांचे जुने खिळे ठोकूनही नळ्या केल्या.

आणि काडतूस! काही दमास्कस नळ्या आजच्या काडतुसांत असते तशा धूरविरहित दारूच्या चाचणीतही उतरल्या, कबूल. पण ती चाचणी तेव्हाची. जुन्या काळ्या दारूची काजळी ओल धरते, गंज आतून सांध्यांत शिरतो, वरून नक्षी चकाकतच राहते. शिवाय जुन्या कित्येक बंदुकांचं काडतुसाचं घर आजच्या काडतुसापेक्षा आखूड असतं. तिथे दाब आणखी वाढतो, आणि नळी फुटली तर पुढचा हात जातो.

मामा, दसऱ्याला तिला हळदकुंकू लाव, झेंडू वाहा. काडतूस मात्र भरू नकोस.