फेअरवेल, फेरी आणि ‘फारान’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फेअरवेल, वेलफेअर आणि नदीपार नेणारी ‘फेरी’ हे इंग्रजी शब्द ‘फारान’ या जुन्या इंग्रजी क्रियापदापासून आले, असं मी लेखात मांडलं होतं. त्याला तुम्ही तीन हरकती घेतल्यात. ‘फेअर’ म्हणजे बसचं भाडं, ते फेअरवेल-वेलफेअरमध्ये ओढूनताणून बसवलंय. ‘फेरी’तला ‘ए’ ‘फारान’मधून येऊ शकत नाही. आणि ही नदीपार नेणारी ‘फेरी’ आपल्या मराठी ‘फेरी’चीच बहीण आहे. पहिल्या दोन हरकतींना पुरावा उत्तर देतो. तिसरीवर जास्त थांबावं लागेल.

भाड्याचा अर्थ उशिराचा आहे. ‘फारान’ म्हणजे जाणे, प्रवास करणे. त्याच्यापासूनच्या नामाचा अर्थ आधी प्रवास. त्या प्रवासाचे पैसे हा अर्थ मध्ययुगाच्या अखेरीस चिकटला. फेअरवेलमध्ये क्रियापदच आहे, तेही आज्ञार्थी : निघणाऱ्याला ‘नीट जा’. वेलफेअरमध्ये जाणं म्हणजे दिवस जाणं. आपण ‘कसं चाललंय?’ विचारतो, त्यातलं ‘चालणं’ याच अर्थाचं. वॉरफेअर म्हणजे लढाईसाठी बाहेर पडणं, स्वारीवर जाणं. अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्लंडमधल्या, राजांच्या गावोगावहून गोळा होणाऱ्या सैन्याला ‘फ्युर्ड’ म्हणत, तो शब्दही याच घरातला. इथे भाड्याचा कुठे संबंधच येत नाही.

आता ‘ए’. मराठीत झाड पडतं आणि आपण ते पाडतो. माणूस तरतो आणि कुणी त्याला तारतो. अशी प्रयोजक, म्हणजे दुसऱ्याला करायला लावणारी, क्रियापदं करताना आतला स्वर बदलतो. जुन्या जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन, नॉर्स यांचं कुळ) प्रयोजकासाठी धातूला ‘य’ जोडत. त्या ‘य’ने आधीच्या ‘अ’ला आपल्याकडे खेचून ‘ए’ केलं, आणि ‘फार्यान’चं ‘फेरियान’ झालं : जायला लावणे, वाहून नेणे. जुन्या स्कँडिनेव्हियाच्या नॉर्स भाषेतल्या ‘फेर्या’नेही पुढे त्याला बळ दिलं. इंग्रजीत आजही झाड ‘फॉल’ होतं आणि लाकूडतोड्या ते ‘फेल’ करतो, जोडी तीच. म्हणजे तुम्ही ज्या ‘ए’वर बोट ठेवलंत, तोच नात्याचा पुरावा आहे.

मराठी ‘फेरी’चं साम्य फसवं आहे. पणजी-बेती फेरीबोटीच्या दिवसभराच्या फेऱ्या म्हणताना दोन्ही शब्द शेजारी बसतात, त्यामुळे गैरसमज सहज होतो. पण जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडलेला नियम पाहा : संस्कृत आणि जर्मानिक भाषांच्या एकाच पूर्वज भाषेतला मूळ ‘प’ संस्कृतात ‘प’च राहिला, जर्मानिक भाषांत त्याचा ‘फ’ झाला. पितृ–फादर, पाद–फूट, पंच–फाइव्ह, पशु–फी (हो, फी म्हणजे आधी गुरंढोरं). तेव्हा ‘फारान’चा आपल्याकडचा भाऊ ‘प’नेच सुरू व्हायला हवा, आणि तो तसाच आहे : वैदिक ‘पिपर्ति’, म्हणजे पार नेतो, आणि आपला ‘पार’. मराठी ‘फेरी’ ‘फिरणे’ची, आणि ते प्राकृतातही ‘फ’नेच येतं. उच्चार जितका हुबेहूब, तितका संशय जास्त घ्यावा. हजारो वर्षं वेगळे राहिलेले शब्द सहसा इतके सारखे उरत नाहीत.

असा शब्द तपासायचा तर आधी शब्दकोशात त्याचं सर्वांत जुनं रूप पाहावं, मग त्या काळचा अर्थ, आणि तो फ्रेंच-लॅटिनमधून आलाय का हे. आजचा उच्चार शेवटी. गोरा किंवा सुंदर या अर्थाचा ‘फेअर’ जुन्या इंग्रजीत ‘फॅयेर’ होता, मधला ‘य’ पुढे विरघळला. चौदाव्या शतकातल्या इंग्रजी कवी चॉसरच्या काळात हा ‘फेअर’ आणि प्रवासाचा ‘फेअर’ कानाला वेगळे लागत. जत्रेचा ‘फेअर’ फ्रेंचमार्गे लॅटिन ‘फेरिया’तून, म्हणजे सणाच्या दिवसातून आला. म्हणून सुंदर आणि जत्रा या अर्थांचे हे दोन्ही ‘फेअर’ मी लेखात घेतले नाहीत.

तुम्ही जाता जाता ‘फार्म’ही सुचवलंत. तो फ्रेंचमधून आला, मध्ययुगीन लॅटिन ‘फिर्मा’पासून : ठरावीक रक्कम. ‘फार्मर’ म्हणजे आधी मक्तेदार, शेतकरी नंतर. ब्रिटिश अमदानीतल्या महसुली कागदांत हा शब्द भेटला, तर तो नांगर धरणारा आहे की मक्ता घेतलेला, हे संदर्भावरून आधी ठरवा.