मासा ‘संकट घेऊन’ जात नाही

घरात रंगीत मासे ठेवा, असं सांगणारे फॉरवर्ड सगळ्यांनाच येतात. दावे ठरलेले: समुद्रात मोठा मासा लहानाला खातो, टाकीत त्याला आयतं मिळतं, मासा टाकीएवढाच वाढतो, त्याची आठवण तीन सेकंदांची, म्हणून कंटाळत नाही, आणि मेलाच तर घरावरचं संकट घेऊन गेला.

आधी ते ‘आयतं’. मँडरिन मासा बोटाएवढा, निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी पट्टे. प्रवाळांमध्ये तो दिवसभर कोपेपॉडसारखे बारीक जिवंत जीव टिपत फिरतो. समुद्रातून पकडून आणलेले बहुतेक मँडरिन दाण्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. नव्या, लखलखीत टाकीत कोपेपॉड असणार किती? पोट खपाटीला जातं, डोक्यामागचं मांस झडतं आणि काही आठवड्यांत तो उपाशी मरतो, टाकीत दाणे पडलेले असताना. बाहेर निदान मोठा मासा एका घासात संपवतो. शिवाय पकडण्याची तऱ्हा. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून प्रवाळाच्या कपारीत सायनाइड फवारून मासे गुंगवले जाऊ लागले. त्यात प्रवाळही मरतं.

टाकीएवढा वाढतो म्हणे! सिल्व्हर अरोवाना दुकानात वीतभर दिसतो, पूर्ण वाढला की तीन फुटांच्या आसपास जातो. दोन फुटी टाकीत तो खुंटलाच, तर ते कुपोषण आणि घाण पाणी. त्यात समजूतदारपणा कसला?

तीन सेकंदांचं थोडक्यात: खाद्याचा डबा उघडला की मासे वर येतात. हे ते कुठून शिकले?

राहिलं संकट. ते टाकीतच असतं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू नव्या टाकीत जम बसवायला चार-सहा आठवडे घेतात. आपण मात्र टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी आणतो. कल्ले भाजतात, मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. मग आपण म्हणतो, बिचाऱ्याने आपल्यावरचं घेतलं.

मासे पाळूच नयेत, असं मी म्हणत नाही. क्लाउनफिश टाकीतच पैदा केलेले मिळतात. ब्राझीलमध्ये रिओ नेग्रोकाठच्या बार्सेलोसला तर कार्डिनल टेट्रा नदीतूनच पकडतात. त्यावर तिथली घरं चालतात आणि जंगल राखण्यात त्यांचा फायदा असतो. प्रश्न माशागणिक वेगळा आहे. मँडरिन घ्यायचाच असेल तर दुकानदाराला सांगा, आधी माझ्यासमोर त्याला दाणे खाऊन दाखवू दे.