प्रेयसीचं काम मिळालंय? मग हातपाय हलवू नका

बाई, कोमेदिया देल्लार्तेच्या, म्हणजे इटलीतल्या जुन्या मुखवटेवाल्या विनोदी नाटकाच्या, मंडळीत तुम्हाला प्रेयसीचं काम मिळालं म्हणता? नशीब काढलंत! कंजूष म्हातारा पान्तालोने, पढतमूर्ख दोत्तोरे, खट्याळ नोकर आर्लेकिनो चामडी मुखवट्यांत घामाघूम होणार. तुमचा चेहरा मात्र मोकळा. त्यांना मुखवट्याच्या नाकावरच निम्मं हसू मिळतं. तुम्ही हसवायचंच नाही, उंची कपड्यांत सुंदर दिसायचं.

नाव फ्लामिनिया, सिल्विया असं काहीतरी गोड घ्या. तुमचा बाप पान्तालोने व्हेनिसच्या बोलीत कुरकुरतो, नोकर बेर्गामोच्या बोलीत बरळतात. तुम्ही त्याच घरात वाढलात, पण बोलायचं शुद्ध तोस्काना वळणाचं, म्हणजे साहित्यातलं इटालियन. हे कसं जमलं, असं प्रेक्षक विचारत नाहीत. तुम्हीही विचारू नका.

चिठ्ठी नोकर पोचवेल, बापाला मोलकरीण गुंडाळेल. बापानं एखाद्या म्हाताऱ्याशी सोयरीक जुळवली, तर खिडकीत उभं राहून उसासे टाका. नाटक आयत्या वेळी रचलेल्या संवादांवर चालतं, कथेचा नुसता आराखडा पडद्यामागे टांगलेला असतो. म्हणून विरहाची, मत्सराची, रुसव्याची भाषणं वहीत उतरवून आधीच घोकून ठेवा. प्रियकर बदलला तरी भाषण तेच चालतं.

एक पथ्य मात्र कडक पाळा: जेलोसी नावाच्या नाटकमंडळीतल्या नटी इझाबेल्ला आन्द्रेइनीचा कित्ता गिरवू नका. या बाईंनी १५८८ मध्ये स्वतःचं नाटक छापलं. पुढच्याच वर्षी फ्लोरेन्सला, तिथला राज्यकर्ता फेर्दिनान्दो दे मेदिची याच्या लग्नसोहळ्यात, प्रेमात वेडी झालेली नायिका उभी करताना त्या फ्रेंच काय बोलल्या, स्पॅनिश काय बोलल्या, आणि वर आपल्याच मंडळीतल्या पान्तालोनेपासून नोकरांपर्यंत सगळ्यांच्या बोलींची हुबेहूब नक्कल केली. मुखवटेवाल्यांचं हसू बिनमुखवट्याच्या बाईनं पळवायचं? कुलीन मुलीला शोभतं का हे? त्यात कवितासंग्रह, विद्वानांच्या अकादमीचं सभासदत्व आणि पोरंबाळं. इतकं केल्यावर उसासे टाकायला वेळ कधी मिळणार?

त्यांचे यजमान फ्रान्चेस्को बघा, किती समंजस! तेही आधी रंगमंचावर प्रियकरच होते. पुढे बढाईखोर कप्तान झाले आणि त्यातच गाजले. पुरुषाला अशी बढती असते. इझाबेल्लाबाई मात्र १६०४ मध्ये, फ्रान्सचा दौरा आटोपून परतताना ल्योंला गर्भपातात गेल्या, तोवर प्रेयसीच होत्या.

तेव्हा बढतीची चौकशी करू नका. तिसऱ्या अंकाच्या शेवटी तुमचं लग्न ठरलेलंच आहे आणि आराखड्यात त्यानंतर तुम्हाला एकही प्रवेश नाही.