रोज 35 हजार निर्णय आणि गुळाचा खडा: एक खुलासा

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: माणूस रोज 35,000 निर्णय घेतो, त्यात मेंदूतली साखर संपते, म्हणून संध्याकाळी काही सुचेनासं झालं की गूळ खा. मधुमेह असलेल्या एका काकूंनी तसं सुरूही केलं, म्हणून हे लिहितेय.

आधी तो आकडा. जागेपणाचे 16 तास म्हणजे 57,600 सेकंद. म्हणजे दोन सेकंद पुरे व्हायच्या आत एक निर्णय, दिवसभर! हे शक्य तरी वाटतं का?

मेंदूला ग्लुकोज सतत लागतं, पण मेथी घ्यावी की गवार या विचाराने ते संपत नाही. मनाची ताकद वापरून संपते, ही कल्पना मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर यांच्या 1998 च्या प्रयोगाने गाजली. 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी दोन हजारांवर लोकांवर ती पुन्हा तपासली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला.

थकवा मात्र खरा आहे. ऐरोलीहून गर्दीत उभ्याने ठाण्याला आलेल्या बाईला दारातच ‘आज जेवायला काय?’ विचारलं की रडू फुटतं, कारण घरातलं सगळं ठरवणं तिच्या एकटीवर असतं. आमच्याकडे आता आठवड्याच्या भाज्या रविवारीच ठरतात, डब्याचं सासरे बघतात. मला खूप हलकं वाटतं.

मधुमेह असेल तर गूळ थांबवा, डॉक्टरांना विचारा. घाबरल्यासारखं होत असेल, झोप उडाली असेल, तर 14416 या फोन नंबरवर टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत सरकारी सेवा आहे. मराठीत बोलता येतं.