दांडी सोडली की पाते थांबलेच पाहिजे
हँडलवरची दांडी सोडली तरी पाते फिरतच राहते, म्हणून काही ढकलायचे लॉनमोअर (गवत कापायची इंजिनवाली यंत्रे) कंपनीने परत मागवलेत. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांनी ही बातमी नीट वाचा. दांडी सोडल्यावर ३ सेकंदांत पाते थांबलेच पाहिजे, हा इथला नियम १९८२ पासूनचा आहे! आमचा मोअर गराज सेलमधून घेतलेला. असा वापरलेला माल घेणाऱ्याला कंपनीचे पत्र येणार कुठून? काल मॉडेल आणि सिरियल नंबर परत मागवलेल्या मोअरच्या यादीशी स्वतःच ताडून पाहिला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तुमचा यादीत असेल तर दुरुस्त केल्याशिवाय कुणाला विकू नका, कायद्यानेही ते चालत नाही. आणि ओले गवत अडकले तर आधी इंजिन बंद करा, स्पार्क प्लगची वायर काढा, मगच हात घाला.